चोराला वाक्य देणारी आत्या

दातांच्या दवाखान्यात मी बाहेरच्या टेबलावर बसते. फोन घेते, नावं लिहिते, घाबरलेल्यांना आत ढकलते. लोकांना तोंड उघडायला लावायचं हा आमचा धंदा. घरी मात्र माझी सगळी शक्ती एका बाईचं तोंड बंद ठेवण्यात जाते, आणि ती बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या.

आत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट वाक्य विसरला की कुजबुजत ते पुरवायचं. उभी हयात तिनं हेच केलं. रंगमंचावर पाऊल टाकलं नाही, टाळी घेतली नाही, पण कुठल्या नटाची अब्रू किती वेळा राखली हे ती विचारा न विचारा ऐकवते. "तो राजा? तिसऱ्या अंकात त्याला स्वतःच्या राणीचं नाव आठवायचं नाही. मी होते म्हणून त्याचा संसार टिकला."

लग्न तिनं केलं नाही. स्वतः कमावलं, स्वतः उडवलं, उरलं ते बँकेत टाकलं. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं मला सांगितलं, "सूनबाई, भाजी मी चिरणार नाही. पण माझा खर्च मी देणार. विसाव्या वर्षापासून कुणापुढे हात पसरलेला नाही. आता पसरायचा म्हटला तर हात अवघडेल माझा." मला ती त्याच दिवशी आवडली, भाजी न चिरण्यासकट.

पण एवढी वर्षं एकच काम केलं की ते अंगात मुरतं. समोरचा बोलता बोलता थांबला की आत्याच्या तोंडून पुढचा शब्द बाहेर पडतो. त्यात विचार नाही, शिंकेसारखं आहे ते. शेजारीण दारात येऊन म्हणते, "मी काय म्हणत होते, जरा वाटीभर..." की आतून आवाज येतो, "साखर." एकदा डॉक्टर म्हणाले, "आता स्पष्टच सांगतो, तुमचं..." आणि आत्या म्हणाली, "यकृत." डॉक्टरांना वजन म्हणायचं होतं. पण मग त्यांनाही शंका आली आणि त्यांनी यकृताची तपासणी लिहून दिली. सगळ्यात वाईट झालं ते इमारतीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शोकसभेत. बोलणाऱ्याचा कंठ दाटला, "ते फार... फार..." आणि तिसऱ्या रांगेतून आत्या म्हणाली, "चिक्कू." खोटं कुणालाच म्हणता आलं नाही, पण चहाला आम्ही थांबलो नाही.

तिचा भाचा, म्हणजे माझा नवरा, लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दार, धोक्याची घंटा, सगळं ठरलेल्या क्रमानं. हा मनुष्य घरातून निघताना गॅस बंद आहे का बघतो, मग 'बघितला' असं मोठ्यानं म्हणतो, मग आपण खरंच म्हणालो का हे मला विचारतो. बँकेनं ग्राहकांसाठी ऑनलाइन फसवणुकीवर सभा घेतली तेव्हा हा पहिल्या रांगेत. येताना त्यानं एक छापील पत्रक आणलं, ते फ्रिजवर चिकटवलं आणि हातात लाटणं घेऊन आम्हा दोघींना त्यातला शब्द न् शब्द समजावला. बँक कधीही पिन, पासवर्ड किंवा ओटीपी विचारत नाही. अनोळखी लिंक उघडू नका. कुणी सांगितलं म्हणून फोनमध्ये नवं ॲप घेऊ नका. शंका आली तर फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा.

आत्यानं ते पत्रक एका वाचनात पाठ केलं आणि स्वल्पविरामांसकट म्हणून दाखवलं. दुसऱ्याची वाक्यं पाठ करणं तिला कधीच जड गेलं नव्हतं. अडचण तिथं नव्हतीच.

अडचण त्याच आठवड्यात फोनवरून आली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आत्याचा फोन वाजला, तिनं स्पीकरवर टाकला, कारण कानाला फोन लावला की कर्णफूल टोचतं. पलीकडे एक पुरुष, कागदावरून वाचतोय हे आंधळ्यालाही ऐकू यावं असा.

"नमस्कार मी आपल्या बँकेतून बोलत आहे आपले खाते आज बंद होणार आहे आपल्याला आता एक सहा आकडी..." आणि तो अडखळला. कागद उलटल्याचा आवाज आला. "सहा आकडी..."

"क्रमांक," आत्या म्हणाली.

"हां, क्रमांक आला असेल. तो क्रमांक आहे..." आणि पुन्हा थांबला.

फोनच्या पडद्यावर तो क्रमांक आलेला होता. समोर माणूस अडलेला होता. हातात मजकूर होता. पत्रक-बित्रक सगळं बाजूला राहिलं आणि आत्याचं विंगेतलं कुजबुजणं सुरू झालं, "चार... सात... शून्य..."

माझ्या हातात नेमकी दुहेरी चादर, त्यातून मला बाहेर पडता येईना. "अरे, फोन बंद कर!" मी नवऱ्याला ओरडले. तो बाथरूममधून धावत आला, अर्ध्या गालाला साबण, आणि त्याच्या धंद्यात संकटाच्या वेळी जे करतात ते त्यानं केलं. घराचा मेन स्विच पाडला.

पंखा थांबला. फ्रिज थांबला. फोन चालूच. अंधाऱ्या खोलीत आत्या शांतपणे म्हणाली, "एक..." तेवढ्यात मी चादरीसकट तिच्यावर पडले आणि फोन कापला.

शेवटचे दोन आकडे सांगायचे राहिले, म्हणून पैसे वाचले. आम्ही कार्डामागच्या नंबरवर फोन केला, बँकेनं खातं तात्पुरतं गोठवलं, नवं कार्ड पाठवायचं कबूल केलं. आत्या पांढरीफटक पडली होती. "मला कळत होतं गं," ती मला म्हणाली, "सगळं कळत होतं. पण तो थांबला ना."

नवऱ्यानं मग निकाल दिला. खातं आत्याचंच राहील, पण यापुढे ते तो बघेल. बँकेत तिच्या नंबरच्या जागी त्याचा नंबर द्यायचा, ॲप त्याच्या फोनमध्ये, कार्ड त्याच्या कपाटात. "बिघडलेली लिफ्ट आपण चालू ठेवतो का?" त्यानं विचारलं. म्हाताऱ्या बाईला बिघडलेली लिफ्ट म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मी त्याला त्या रात्री ऐकवलं, पण त्याचा मुद्दा खोडता येईना, याचाच मला जास्त राग आला. आत्यानं बँकेत सही केली.

दोन-चार दिवसांनी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नवरा पावाला लोणी लावत होता.

"दादू," ती म्हणाली, "मला जरा..."

आणि थांबली. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवणारी बाई, तिला स्वतःचा शब्द सापडेना. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. शेवटी तिनंच पूर्ण केलं, "पैसे हवे होते. थोडे."

"कशाला?" नवऱ्यानं विचारलं. त्यात वाईट काही नव्हतं, तो गॅसलाही विचारतो. पण आत्याचा चेहरा पार उतरला. तिला केसांचा रंग आणायचा होता. हे तिनं मान खाली घालून सांगितलं. मी नवऱ्याच्या पायावर टेबलाखालून असा पाय दिला की तो दिवसभर लंगडत लिफ्ट तपासत होता.

त्यानंतर आत्या खोलीतच बसायला लागली. आणि मग एका दुपारी मी दवाखान्यातून लवकर घरी आले, तर तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज.

"पुन्हा. 'आपले खाते आज बंद होणार आहे.' हे काय कांद्याचा भाव सांगतोयस? आणि श्वास कुठं घेतलास? 'बंद होणार' वर? मेलं ना वाक्य!"

मी दार ढकललं. आत्या खुर्चीत ताठ बसलेली, डोळ्यांवर चष्मा, समोर फोन. फोनमधून तोच आवाज. तोच अडखळ्या.

मी झडप घालून फोन बंद केला. "आत्या! तुम्ही चोराशी बोलताय?"

"बोलत नाहीये. तालीम घेतेय." तिच्या गालांवर रंग आला होता, कितीतरी दिवसांनी. "परवा त्याचा परत फोन आला. मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे आता काही नाही, सगळं भाच्याच्या हातात आहे. तरी तो वाचतच सुटला, आणि इतकं भिकार वाचत होता की मला राहवेना."

"अहो पण तो चोर आहे!"

"खलनायकानं पाठांतर करू नये असं कुठं आहे? आणि हे बघ, तो जेवढा वेळ माझ्याशी डोकं फोडतो तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला लुबाडत नाही. समाजसेवाच आहे ही."

मी फोन तिच्या हातात परत दिला. खरं सांगायचं तर, ती जेवायला बाहेर आली, दोनदा भात घेतला, नवऱ्याला 'तुझा आवाज नाकातून येतो' असं म्हणाली. आपली आत्या परत आली म्हणून मी गप्प बसले. आणि तिच्याकडे चोराला द्यायला होतं तरी काय? ना कार्ड, ना ओटीपी.

तालीम जोरात सुरू झाली. मी घरी असले की दाराशी रेंगाळून ऐकायची. "तू कोण आहेस?" आत्या विचारायची. "मी बँकेचा अधिकारी." "नोकरीला किती वर्षं झाली? सकाळी काय खाऊन निघालास? वरिष्ठाशी पटतं का?" पलीकडे कागदांची चाळवाचाळव. "माहीत नाही ना? मग ऐकणाऱ्याला कसा दिसणार तू? आधी तो माणूस हो, मग तोंड उघड." अडखळ्या बिचारा "हो मॅडम, हो मॅडम" करायचा. आठवडाभरात "हो आत्या" वर आला.

मग तिनं त्याची संहिता बदलायला घेतली. "धमकी काढून टाक. भीती घातली की माणूस फोन ठेवतो. धीर दे. धीर देणाऱ्याला कुणी चोर समजत नाही. आणि घाई नको. घाई गरजवंताला असते, अधिकाऱ्याला नसते." दुसऱ्या दिवशी, "बँक ओटीपी विचारत नाही हे तूच आधी सांग. समोरच्याच्या मनातलं वाक्य आपण घेतलं की त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही." मी भांडी घासत ऐकत होते आणि वाहवा करत होते. नाटक बघणाऱ्याला कुठं कळतं की तलवार खरी आहे.

एक दिवस फोन यायचे थांबले. आत्या दोन दिवस फोन जवळ घेऊन बसली, तिसऱ्या दिवशी उसासा टाकून म्हणाली, "बसली त्याची भूमिका. नट एकदा बसला की विंगेकडे बघत नाही." मीही हुश्श केलं.

त्या रविवारी दुपारी नवरा जेवणाच्या टेबलाशी फोनवर बोलत होता. पाठ ताठ, समोर आत्याचं नवं कार्ड, हातात पेन. वरच्या अधिकाऱ्याशी बोलताना तो असा बसतो. मी बटाटे सोलत होते. स्पीकर चालू होता, आणि पलीकडचा माणूस इतकं सुरेख बोलत होता की मीही सुरी खाली ठेवली.

"घाई अजिबात करू नका. आपण पाणी प्या, मी थांबतो. ज्येष्ठ व्यक्तीचं खातं सांभाळणं ही मोठी जबाबदारी आहे, आणि आपल्यासारखी दक्ष माणसं फार कमी भेटतात."

"कर्तव्यच आहे सर," नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला दक्ष म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो विरघळला होता.

"मागच्या वेळी ज्यांनी फोन केला ते भामटे होते. आम्ही त्यांचा शोध घेत आहोत. आपण मेन स्विच बंद केलात, हे आम्ही आमच्या अहवालात खास नोंदवलं आहे."

नवऱ्याचे डोळे भरून आले. मी त्याच्यावर महिनाभर हसत होते त्या गोष्टीची कुणीतरी कदर केली होती. आता, बँकेला आमचा मेन स्विच कसा माहीत, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. नाही आला. आवाजच तसा होता.

एवढ्यात आत्या न्हाऊन बाहेर आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. दारातच थबकली. आधी तिची मान जराशी कलली. मग डोळे मिटले. मग ओठ हलायला लागले.

"आपण जाणताच," फोनमधला आवाज म्हणाला, "की बँक कधीही आपला ओटीपी विचारत नाही."

हे आत्याच्या ओठांनी आधी म्हटलं होतं. आवाज मागून आला.

"म्हणून तो मला मुळीच सांगू नका."

पुन्हा ओठ आधी, आवाज नंतर. माझ्या हातातला बटाटा घरंगळत गेला. आणि ही बाई? ही बाई डोळे मिटून डोलत होती! चेहऱ्यावर अशी तृप्ती की मूल पहिल्यांदा चालल्यावर आईच्या चेहऱ्यावर नसेल. तिचे स्वतःचे पैसे, जन्मभराचे, तिच्या डोळ्यांदेखत जायला निघाले होते आणि ती मनातल्या मनात टाळ्या वाजवत होती.

"मी फोन बाजूला ठेवतो. आपण तो क्रमांक फक्त यंत्राला वाचून दाखवा."

नवऱ्याच्या फोनवर टिंग वाजलं. त्यानं चष्मा नीट केला. मी उठेपर्यंत तो वाचायला लागला, लिफ्टच्या दोरांचे क्रमांक वाचतो तसा, स्वच्छ, सावकाश, "दोन. नऊ. नऊ..."

आत्यानं डोळे उघडले. समोर कोण वाचतंय आणि काय वाचतंय, हे तिला तेव्हा दिसलं.

"पडदाऽऽऽ!"

ही बाई जन्मभर कुजबुजत आलेली. तिचा मोठा आवाज कसा असतो हे आम्हाला काय, तिलाही माहीत नव्हतं. खिडकीवरची कबुतरं उडाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी फोडलं. नवऱ्याच्या हातून फोन टेबलावर पडला आणि बाकीचे आकडे त्याच्या घशातच राहिले.

आत्या पुढं आली. टॉवेल सुटून खांद्यावर आला, ओले केस गालाला चिकटलेले. ती फोनवर वाकली. "अडखळ्या," ती म्हणाली.

पलीकडे श्वास अडकल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"आत्या?" आवाजातली बँक गळून पडली होती. आता तो फक्त एक घाबरलेला माणूस होता. "आत्या, मी... म्हणजे हे तुमचं... मला वाटलं..."

आणि तो थांबला.

मी आत्याकडे बघितलं. तिचा घसा हलला. ओठ विलग झाले. समोर माणूस अडला होता, अर्ध्या वाक्यात, आणि त्याला शब्द हवा होता. 'माफ करा' असेल, 'चुकलो' असेल, काय वाटेल ते असेल, तिच्याजवळ शंभर शब्द तयार होते. आयुष्यात असा माणूस तिनं एकदाही तसाच सोडला नव्हता.

तिनं तळहात तोंडावर दाबला. दुसरा हात त्याच्यावर दाबला. डोळे मोठे झाले, खांदे थरथरले, शिंक दाबणाऱ्या माणसासारखी ती लाल झाली. मला वाटलं हिला आता काहीतरी होणार.

"आत्या," तो म्हणाला, अगदी रडकुंडीला येऊन, "पुढे काय?"

आत्यानं दिलं नाही.

तो आणखी थोडा वेळ तसाच लोंबकळला आणि मग फोन कट झाला. आत्या धपकन खुर्चीत बसली आणि कपाळावरचा घाम टॉवेलनं पुसला. "देवा," ती म्हणाली, "नाळ तोडण्यासारखं होतं."

नवरा कार्डाकडे बघत बसला होता. मागे, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, फ्रिजवर पत्रक होतं. "पण तो घाई करत नव्हता," तो पुटपुटला.

"नव्हताच," आत्या म्हणाली. "ते मीच शिकवलं त्याला."

मग सगळं बाहेर आलं. तालमी, नवी संहिता, सगळं. "आणि माझा नंबर?" नवऱ्यानं विचारलं. आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. "एकदा तो म्हणाला, तुमच्या भाच्याचा नंबर आहे..." ती म्हणाली, "आणि थांबला." मेन स्विचची गोष्ट मात्र तिनं विनोद म्हणून सांगितली होती. चोरही पोट धरून हसला होता म्हणे.

मी म्हटलं, भांडण नंतर, आधी बँक. कार्डामागचा नंबर मीच लावला, कारण त्या दोघांवर माझा काडीचा विश्वास उरला नव्हता. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एक खराखुरा कर्मचारी आला. तो जांभई देत होता, वाक्यं अर्धवट सोडत होता, मध्येच कुणाला तरी 'खिडकी लाव रे' म्हणाला. नवरा माझ्या कानात कुजबुजला, "हा खोटा वाटतोय."

"हाच खरा आहे," आत्या म्हणाली. "नंबर आपण लावलाय. आणि पाठांतर बघ ना, काहीच नाही."

पैसे जागेवर होते. नवा ओटीपी कुणाच्या हाती पूर्ण पडला नव्हता. खातं पुन्हा गोठलं, तक्रार नोंदली गेली, अडखळ्याचा नंबर पोलिसांकडे गेला. तो देताना आत्याचा आवाज बारीक झाला, पण तिनं दिला, सगळे आकडे, न थांबता.

रात्री जेवायला बसलो. मग मीच विचारलं, "आता खातं कोण सांभाळणार?" नवऱ्यानं घासाकडे बघत सांगितलं, "मी नाही." इतकं आखूड वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तो फार आवडला. आत्या ताटातला भात चिवडत होती. तिला तिचे पैसे परत हवे होते हे मला दिसत होतं, आणि मागायची तिची छाती होत नव्हती. चोराला शिकवून भाच्याच्या अंगावर घातल्यावर कुठल्या तोंडानं मागणार?

सोमवारी आम्ही तिघं बँकेत गेलो. नवं कार्ड घ्यायचं होतं आणि खात्याला कुणाचा तरी नंबर जोडायचा होता. काउंटरवरची मुलगी चुणचुणीत होती. तिनं संगणकात बघितलं, आमच्याकडे बघितलं, एकंदर इतिहास वाचून तिच्या भुवया वर गेल्या.

"आता या खात्यासाठी आम्ही फोन करायचा तो..." तिनं विचारलं आणि टाइप करता करता थांबली. तिचं बोट हवेत राहिलं.

मी ओठ घट्ट मिटले. माझ्या शेजारी नवऱ्यानं श्वास घेतला, बोलायला नव्हे, तो नुसताच धरून ठेवला. आत्या एकदा माझ्याकडे वळली, एकदा त्याच्याकडे. तिला वाटलं असावं, कुणीतरी सांगेल. आम्ही कुणी सांगितलं नाही. रांगेतली माणसं खाकरायला लागली. काउंटरवरची मुलगी वाट बघत होती.

आत्यानं टेबलाची कड धरली.

"मला," ती म्हणाली. कुजबुजून नव्हे, चांगलं मोठ्यानं, पार दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराला ऐकू जाईल असं. "मला करायचा. माझं खातं आहे."